सोनाटा? म्हणजे घड्याळ ना!

अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहून दहा जणांना ‘सोनाटा म्हणजे काय?’ असं विचारलं, तर नऊ जण स्वतःच्या मनगटाकडे बघतील. दहावा मोबाइलवर वेळ बघणारा पोट्टा असेल. तो म्हणेल, ‘‘ते ह्युंदाईची गाडी होती, ते का?’’

यात त्यांचं फारसं चुकत नाही. ‘सोनाटा’ हा शब्द आला इटालियन ‘सोनारे’वरून, आणि सोनारे म्हणजे वाजणं. गायचं ते ‘कंताता’, वाजवायचं ते ‘सोनाटा’. मराठीत तर वेळ वाजतेच. सहा वाजले, साडेसहा वाजले, पत्रिकेतली वेळ केव्हाच वाजून गेली. घड्याळाला हे नाव ज्याला सुचलं, त्याच्या घरात मराठी बोलत असावेत.

खरा घोळ पुढच्या शब्दात आहे. व्हायोलिनच्या सोनाटाची मैफल ‘चेंबर म्युझिक’ या सदरात मोडते. युरोपात चेंबर म्हणजे दिवाणखाना. राजेरजवाड्यांच्या, सरदारांच्या घरी पन्नासेक माणसांपुढे दोन-चार वादकांनी वाजवायचं ते हे संगीत. वऱ्हाडात चेंबर म्हणजे रस्त्यातलं गटाराचं भोक. ते तुंबतं, त्यावरचं झाकण चोरीला जातं आणि पावसाळ्यात त्यासाठी नगरसेवकाला फोन करावा लागतो. ‘येत्या रविवारी चेंबर संगीत’ असा फलक लागला, तर पहिला माणूस चौकशीला येईल तो आपल्या गल्लीचं कधी होणार हे विचारायला.

समजा, हे सगळं ओलांडून अशी मैफल अकोल्यात ठरलीच. प्रमिलाताई ओक सभागृह मिळालं, तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली पडली. (चांगल्या तारखा लग्नवाल्यांनी नेलेल्या असतात.) वादक दोनच. एक व्हायोलिनवाला, एक पियानोवाला. तबला नाही, तानपुरा नाही, निवेदिका नाही. आयोजकांच्या सभेत यावर पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा: ‘‘दोघंच जण वाजवणार, मंग तिकीट एवढं कायले?’’ दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो. यातला मुख्य कलाकार कोण आणि साथीला कोण? कारण त्यावर शाल कोणती कोणाला हे ठरतं.

मोत्सार्टच्या काळी हा प्रश्न उलट्या बाजूने सुटलेला होता. त्याच्या सोनाटांच्या छापील प्रतींवर लिहिलेलं असे: पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीने. म्हणजे ज्याच्या नावाने मैफलीची पत्रिका छापायची, तो कागदोपत्री साथीदार! बेथोवेनने पुढे दहा व्हायोलिन सोनाटे लिहिले आणि दोन्ही वाद्यांना सारख्या वजनाचं काम दिलं. हे ऐकून आयोजक दोन सारख्या शाली आणतात. प्रश्न मिटतो.

वजनाचं म्हणाल तर ते फक्त कागदावरच सारखं. व्हायोलिन अर्धा किलोसुद्धा भरत नाही. मैफलीचा मोठा ग्रँड पियानो भरतो सुमारे ४८० किलो. अकोल्याला हे किलोत सांगून उपयोग नाही, गाठींत सांगायला हवं. कापसाची एक गाठ १७० किलोची. म्हणजे पियानो झाला तीन गाठींना जरासा कमी. जिनिंगवर उभी हयात घालवलेला हमाल पियानोकडे एकदाच बघतो, तीन पायांवरून नजर फिरवतो आणि विचारतो, ‘‘हे उभं न्यायचं का आडवं?’’ सगळ्या तयारीत कामाचा प्रश्न विचारणारा हा एकटाच. (ग्रँड पियानो पाय काढून, एका कुशीवर आडवा करून नेतात.)

व्हायोलिनचं दुखणं वेगळंच. त्याची वरची फळी देवदाराच्या जातीच्या स्प्रूसची, पाठ मेपलची, आणि सगळं जोडलेलं जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेल्या सरसाने. हे लाकूड थंड डोंगरातलं, सरस जुन्या पद्धतीचा. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, सांधे उकलायला लागतात, तारा उतरतात. तिथे इटलीतल्या क्रेमोनाच्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. अंतोनियो स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्याला अकोल्याचा मे महिना कोणी सांगितला नव्हता.

तर वादक मुंबईहून येतात, अमरावतीला एका घरी जेवतात आणि मोटारीने अकोल्याला निघतात. या रस्त्याला मान आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. जिथे एकही कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही, त्या मुलखाने काळाशी लावलेली ही शर्यत जिंकली, हे वऱ्हाडी माणूस अजून पाहुण्यांना सांगतो. सांगता सांगता कार्यक्रमाला उशीर होतो.

वाटेत मूर्तिजापूर लागतं. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म इथला, १९२० सालचा. तेव्हा वऱ्हाडाला गाण्यातलं काय कळतं, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने इथे गाडीतून उतरावं. उतरल्यावर स्टेशनात जाऊन शकुंतलेची चौकशी करावी. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला अडीच फुटी रुळांवरून ही गाडी जायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते थेट १९९४ पर्यंत चाललं. अचलपूरच्या शहात्तर किलोमीटरना ती चारेक तास घेई. सोनाटाचे जे तीन-चार भाग असतात, त्यांच्या डोक्यावर इटालियनमध्ये चाल लिहिलेली असते. अलेग्रो, अडाजिओ, प्रेस्तो वगैरे. इतरांना हे पाठ करावं लागतं. वऱ्हाडातल्या श्रोत्याला एका वाक्यात कळतं: अलेग्रो म्हणजे नवा हायवे, अडाजिओ म्हणजे शकुंतला. आणि प्रेस्तो म्हणजे बडनेऱ्याला गाडी सुटायला पाच मिनिटं असताना राजकमलवरून निघालेला ऑटो.

अकोल्यात सभागृह भरतं. वऱ्हाडी माणूस बोलावलं की येतो, हा त्याचा मोठा गुण. काय आहे हे आल्यावर विचारतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार. व्हायोलिनवादकाच्या हातात नारळ येतो. ज्या बोटांचा विमा उतरवावा, त्या बोटांत नारळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह आणि शाल अशा चार गोष्टी एकदम दिल्या जातात आणि वर फोटोसाठी ‘‘इकडे पाहा, साहेब’’ असं म्हटलं जातं. मग पियानोवाला एक सूर देतो, व्हायोलिनवाला त्याला तार मिळवतो. अर्ध्या मिनिटाचं काम. तबला लावण्यात पाव तास घालवलेला बघायची सवय असलेले श्रोते अजून सावरून बसत असतात. तिसऱ्या रांगेतले काका शेजाऱ्याला सांगतात, ‘‘सूर लावून राहिले. आता अर्धा तास हालचाल नाही.’’ तोवर सोनाटाचा पहिला भाग निम्मा झालेला असतो.

काकांना हसू नये. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत पंडित रविशंकर नुसते वाद्य लावत होते, तर हजारोंच्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी म्हणाले की तुम्हाला सूर लावणं इतकं आवडलं, तर वादन त्याहून आवडेल. तिकडे सूर लावण्याला मैफल समजले, इकडे मैफलीला सूर लावणं समजले. फिट्टंफाट.

पुढची पाच मिनिटं शांततेत जातात. मग एका बाई हळूच विचारतात, ‘‘कोणतं गाणं आहे हो हे?’’

या प्रश्नामागे महाराष्ट्राचा सगळा व्हायोलिनचा इतिहास उभा आहे. मराठी कानाला व्हायोलिन भेटलं तेच मुळी गाता गळा घेऊन. गजाननबुवा जोशी स्वतः गवई, आणि व्हायोलिनही वाजवत. द. के. दातार शिकले ते गवयाकडे, द. वि. पलुस्करांकडे. वाईला जन्मलेले व्ही. जी. जोग मांडी घालून बसले, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं आणि त्या परदेशी वाद्याला बैठक शिकवली. आणि प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’ने तर कमाल केली. तार एक ओळ वाजवी आणि ऐकणाऱ्याच्या मनात पुढचे शब्द आपोआप उमटत. व्हायोलिन बोलतं, ही आमची समजूत नाही, सवय आहे. म्हणून ब्राम्सचा सोनाटा सुरू झाला की मराठी श्रोता निमूटपणे शब्द शोधायला लागतो. पाच मिनिटं शोधतो, सापडत नाहीत, तेव्हा शेजाऱ्याला विचारतो. (गंमत अशी की ब्राम्सच्या पहिल्या सोनाटात गाणं आहेच. आपल्याच एका पाऊसगीताची सुरावट त्याने शेवटच्या भागात घेतली, म्हणून जर्मन लोक त्याला पावसाचा सोनाटा म्हणतात. हे निवेदनात आधी सांगितलं असतं, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोल्यातल्या प्रत्येक कास्तकाराने तो पेरणीचा अंदाज म्हणून ऐकला असता.)

पहिला भाग संपतो आणि टाळ्या पडतात. पुढच्या रांगेत पुण्याहून आलेले एक जाणकार बसलेले असतात. असा एक माणूस प्रत्येक मैफलीला कुठून तरी येतोच. ते मागे वळून डोळे वटारतात. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नसते. पूर्ण सोनाटा संपेपर्यंत हात मांडीवर. खोकायचं असेल तर मधल्या फटीत, तेही मोजकं. पानसुपारीचा तर विषयच नाही. सभागृह दचकतं. ‘‘मंग चांगलं वाजवलं हे त्यायले कसं समजन?’’ असं मागून कोणी तरी विचारतं, आणि या प्रश्नाला पुण्याच्या पाहुण्यांकडे उत्तर नसतं.

मोत्सार्टकडे होतं. १७७८ च्या उन्हाळ्यात पॅरिसला त्याची सिंफनी वाजली. पहिला भाग ऐन रंगात असताना, अगदी मधोमध, लोकांनी टाळ्या पिटल्या. मोत्सार्टने वडिलांना पत्रात हे मोठ्या आनंदाने कळवलं. तो तुकडा लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं, म्हणून त्याने तो शेवटी पुन्हा घातला होता. कार्यक्रम संपल्यावर गडी खुशीत बाहेर पडला आणि आइस्क्रीम खायला गेला. हा माणूस अकोल्याचाच शोभतो.

खरं म्हणजे सोनाटांचा इतिहास जरा बारकाईने वाचला, की तो व्हिएन्नात घडला यावर विश्वास बसत नाही. १७८४ च्या एप्रिलात मोत्सार्टला रेजिना स्त्रिनासाक्की या इटालियन बाईंबरोबर वाजवायचं होतं. त्याने व्हायोलिनचे सूर कसेबसे लिहून दिले, स्वतःच्या पियानोचे लिहायला वेळच मिळाला नाही. तेव्हा समोर जवळजवळ कोरा कागद ठेवून, अगदी वाचून वाजवल्याच्या थाटात त्याने सगळं वाजवलं. वरच्या सज्जातून दुर्बीण लावून बसलेल्या सम्राट जोसेफच्या ते लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. हातात कोरा कागद धरून पंधरा मिनिटं प्रास्ताविक करणारे लोक वऱ्हाडात आजही आहेत. फक्त त्यांच्यावर दुर्बीण लावायला कोणी सम्राट नाही.

आणि बेथोवेनचा तो प्रसिद्ध ‘क्रॉइत्झर’ सोनाटा! २४ मे १८०३ ला तो पहिल्यांदा वाजला, सकाळी आठ वाजता. मे महिन्यात मैफलीची वेळ सकाळी आठ ठेवणारा आयोजक विदर्भाबाहेरचा असेल असं वाटत नाही. कार्यक्रम तोंडावर आला तरी लिखाण अपुरं. बेथोवेनने पहाटे साडेचारला आपला शिष्य रीस याला उठवून आणलं आणि व्हायोलिनचे कागद उतरवून काढायला बसवलं. शेवटचा भाग नवा करायला वेळ नव्हता, तो आदल्या वर्षीच्या एका सोनाटातून उरलेला होता. आयत्या वेळी पाहुणे आले की रात्रीच्या पोळ्यांची फोडणीची पोळी करतात, त्यातला प्रकार. व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटावर. त्याने काही पानं बेथोवेनच्या खांद्यावरून वाकून वाचत वाजवली. मध्येच त्याने स्वतःच्या मनाने एक तान घेतली. बेथोवेन रागावायच्या ऐवजी ताडकन उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, ‘पुन्हा एकदा!’ मधला संथ भाग तर श्रोत्यांनीही पुन्हा वाजवायला लावला.

पुन्हा एकदा म्हणजे काय? म्हणजे वन्स मोअर! बालगंधर्वांच्या काळापासून मराठी माणसाच्या ओठांवर असलेला हा शब्द. तो क्रॉइत्झर सोनाटाच्या पहिल्याच मैफलीत खुद्द बेथोवेनच्या तोंडी होता. पुढे एका बाईवरून बेथोवेन आणि ब्रिजटावर यांचं बिनसलं, बेथोवेनने अर्पणपत्रिकेतलं नाव खोडलं आणि सोनाटा पॅरिसच्या रोदोल्फ क्रॉइत्झरला अर्पण केला. क्रॉइत्झरने तो कधी जाहीरपणे वाजवलाच नाही. त्याला तो काही केल्या समजेना. थोडक्यात, ज्याचं नाव पत्रिकेत मोठ्या टायपात, तोच कार्यक्रमाला गैरहजर. अध्यक्षांच्या बाबतीत हे अकोल्याला नवीन नाही.

मध्यंतरानंतर तिसऱ्या रांगेतले काका झोपतात. त्यांना उठवायला शेजारी कोपर मारतो. मारू नये. येहुदी मेनुहिन हा विसाव्या शतकातला थोर व्हायोलिनवादक १९५२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा दमून गेला होता. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार त्याला भेटले. पाहुण्याने पाच मिनिटं देऊ केली. अय्यंगारांनी त्याला शवासनात निजवलं आणि पाहुणा तासभर गाढ झोपला. दोन वर्षांनी त्याने अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं, मागे कोरलेलं: माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन गुरूस. कंपनी ओमेगा. सोनाटा असती तर आमचा लेख इथेच संपला असता.

मेनुहिनची आणखी एक गोष्ट अमरावतीकरांनी लक्षात ठेवावी. १९८२ साली बर्लिनच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची शंभरी होती. त्या वेळी मेनुहिनने शीर्षासन करून, पायांनी खुणा करत बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात वाजवून घेतली. बर्लिन चकित झालं. पण त्याआधी सेहेचाळीस वर्षं, १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू त्याच शहरात भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला होता. त्या बर्लिनला उलट्या माणसाचं एवढं नवल का वाटावं?

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. वऱ्हाडी माणसाला शांत बसता येत नाही, हे खोटं आहे. मोझरीला दरवर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखोंचा समुदाय जमतो, आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळा मैदानभर माणूस मौन धरतो. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न, पाच नाही. एवढी निःशब्द गर्दी व्हिएन्नाच्या कुठल्याही दिवाणखान्यात मावली नसती. मौन कुणासाठी धरायचं, हे या मुलखाने स्वतः ठरवलेलं आहे, इतकंच. सोनाटा त्या यादीत अजून आलेला नाही.

शेवटचा सोनाटा सेझार फ्रांकचा. हा तर जन्मालाच लग्नात आला. सप्टेंबर १८८६ मध्ये व्हायोलिनवादक यूजेन इझाई याचं लग्न होतं, त्याला फ्रांकने हा सोनाटा आहेर म्हणून पाठवला. नवरदेवाने घाईघाईने एकदा तालीम केली आणि वऱ्हाडी मंडळींपुढे तो वाजवला. स्वतःच्या लग्नात स्वतःच वाजवणारा नवरदेव मिळाला, तर बँडवाल्याचे पैसे वाचतात, हे गणित वऱ्हाडातल्या कोणत्याही वधुपित्याला ताबडतोब पटेल.

पण त्याचा जाहीर प्रयोग झाला तो डिसेंबरात, ब्रुसेल्सच्या चित्रसंग्रहालयात. दुपारचा लांबलचक कार्यक्रम, आणि हा सोनाटा सगळ्यात शेवटी. हिवाळ्याचा दिवस लवकर मावळला. चित्रांना धोका नको म्हणून तिथे दिवे लावायला बंदी होती. पहिला भाग संपता संपता कागदावरचं दिसेनासं झालं. श्रोते उठायला तयार नव्हते. इझाईने साथीच्या बाईंना इशारा केला आणि उरलेला सगळा सोनाटा दोघांनी मिट्ट काळोखात, पाठ होता तसा वाजवला.

अकोल्यात हा सोनाटा दुसऱ्या भागात पोचतो आणि लाइट जाते. जूनचं वारं सुटलेलं, कुठे तरी झाड तारेवर पडलेलं. पंखे थांबतात. जनरेटर आहे, डिझेल आणायला गेलेला पोऱ्या अजून यायचा आहे. दोन-चार मोबाइलचे टॉर्च लागतात. पुण्याचे पाहुणे हळहळतात. मंचावर दोघं थबकलेले. मागच्या रांगेतून एक आवाज येतो, ‘‘वाजवा ना भाऊ, थांबले कायले? आमाले अंधारात बी ऐकू येते.’’

टॉर्च विझतात. पियानोचे सुरुवातीचे सूर पुन्हा निघतात. तिसऱ्या रांगेतले काका पंखा थांबल्यामुळे जागे होतात आणि अंधारात मनगट डोळ्यांजवळ नेऊन शेजाऱ्याला विचारतात, ‘‘वाजले किती?’’